सातव्या तळ्याची नोंद

चूक झाली तर ती पुसायची नसते. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, मूळचं वाचता येईल अशी, आणि खाली "चुकलं" असं लिहून तारीख टाकायची. हे मला तायडे मॅडमनी शिकवलं. तेव्हा मी पंचेचाळिशीचा होतो, आणि अमरावतीच्या ज्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, तिथेच वीस वर्षं मराठी शिकवत होतो. मुलांच्या वह्यांवर लाल शाईच्या हजारो रेघा मारल्या असतील, स्वतःच्या लिहिण्यावर एकही नाही. आज लिहायला बसलोय तो रागाच्या भरात. राग बऱ्याच जणांवर आहे, आणि त्यातल्या एकाशी माझी रोज सकाळी दाढी करताना गाठ पडते.

त्यांची-माझी ओळख एका बेडकामुळे झाली. स्टाफरूममध्ये मी डबा उघडून बसलो होतो. मॅडम आल्या आणि माझ्या पोळीवर मोबाइल धरून म्हणाल्या, "देशमुख सर, जराक वाचा आन् सांगा, वाचतानी कुठी अडते काय?"

तो त्यांचा ब्लॉग होता. बेडूक अंगावरची जुनी कातडी कशी सोडतो, ते लिहिलं होतं. तो ती सदऱ्यासारखी डोक्यावरून ओढून काढतो आणि गिळून टाकतो. मला हे माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची प्राध्यापकाला सवय नसते, म्हणून मी सुचवलं, "सदरा काढतो हे जरा घरगुती वाटतं. त्वचाविसर्जन म्हणा."

"विसर्जन?" मॅडमचा आवाज चढला. "सर, बेडकानं सदरा काढला म्हटलं तं सातवीतल्या पोरीले दिसते. तुमच्या विसर्जनानं काय दिसन तिले?"

सदरा राहिला. पण त्या दिवसापासून प्रत्येक नोंद छापण्याआधी त्या मला वाचायला द्यायच्या. मी ऱ्हस्व-दीर्घ बघायचो आणि त्या मला बेडूक शिकवायच्या. या व्यवहारात फायदा माझाच झाला, हे तेव्हाही कळत होतं.

मॅडम अकोल्याच्या. म्हातारी आई अकोल्याला आणि नोकरी अमरावतीला, त्यामुळे रोजचं जाणं-येणं एसटीनं. ब्लॉग सगळा एसटीत लिहिलेला, उजव्या हाताच्या अंगठ्यानं. डाव्या हातात पिशवी असे आणि पिशवीत काचेच्या बरण्या. मूर्तिजापूरच्या अलीकडचा रस्ता उखडला होता त्या वर्षी त्यांची वाक्यं आखूड झाली होती, ती रस्ता दुरुस्त झाल्यावर पुन्हा लांबली. चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला, पायात पावसाळा असो की उन्हाळा रबरी बूट, आणि बोलणं सगळीकडे एकच. वर्गात, विद्यापीठाच्या बैठकीत, प्राचार्यांसमोर, सगळीकडे अस्सल वऱ्हाडी. एकदा पुण्याच्या कुठल्याशा पाहुण्यांनी त्यांना विचारलं, "तुम्ही नेहमी अशाच बोलता का?" मॅडम म्हणाल्या, "नाई, झोपीत बोलत नाई."

ब्लॉगवर वर मराठी असे, खाली तेच इंग्रजीत, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: "पाहणारे". ज्यानं ती गोष्ट प्रत्यक्ष पाहिली त्याचं नाव तिथे. बसच्या पाटीमागे एक पाल राहते आणि ती रोज अकोला-अमरावती करते, ही नोंद निघाली तेव्हा पाहणाऱ्यांत पहिलं नाव कंडक्टर राऊतांचं होतं आणि मॅडमचं दुसरं. राऊतांनी तो महिना त्यांना खिडकीची जागा धरून दिली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. पीएचडीच्या वेळी दर्यापूरकडच्या एका म्हाताऱ्या गुराख्यानं त्यांना दोन पावसाळे शिवारातलं एकेक डबकं दाखवलं होतं. प्रबंध झाला. म्हातारा एक दिवस धुतलेलं धोतर नेसून ग्रंथालयात आला आणि म्हणाला, आमचं पुस्तक पाहाचं हाय. त्याला दारातच थांबवलं. बाहेरच्यांना परवानगी नाही. मॅडम धावत गेल्या, तर प्रबंध काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्लीवाला रजेवर. त्याच कामावरचा त्यांचा लेख परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला होता, तो उघडायला डॉलर लागत. म्हातारा काचेतून प्रबंधाचा निळा पुठ्ठा बघून गेला. "जातानी म्हने, मोठं हाय पुस्तक," एवढं सांगून मॅडम थांबल्या. पुढच्या पावसाळ्यात तो वारला.

तेव्हापासून कुलूप या वस्तूशी त्यांचं वैर. प्रयोगशाळेतलं त्यांचं कपाट उघडं असे. प्राचार्यांनी नवं कुलूप पाठवलं, ते त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलं आणि त्याच्या कडीत ओला रुमाल वाळत घालू लागल्या. जे लिहिलं ते वाचायला कोणाला पैसे पडता कामा नयेत आणि छापायला आपण पैसे द्यायचे नाहीत, ही त्यांची दोनच कलमं. आणि आधी गावात वाचून दाखवायचं, मग जगाला.

आता आमच्या धंद्यातली घाण सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमची बढती गुणांवर होते आणि गुण लेखांवर मिळतात. लेख किती, हे मोजतात, लेखात काय आहे हे बघायला कोणाला वेळ नाही. तेव्हा पैसे भरा आणि छापून घ्या, अशी दुकानं निघाली. नावं सगळी आंतरराष्ट्रीय. आज पाठवलेला लेख परवा प्रसिद्ध होतो, सोबत रंगीत प्रमाणपत्र. आणि तायडे मॅडमच्या दहा वर्षांच्या ब्लॉगला गुण शून्य. फॉर्मवर तसा रकानाच नाही.

एकदा एक सहकारी अशाच लेखाचे पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आले. मॅडमनी पेढा घेतला, खाल्ला, हात पुसला आणि म्हणाल्या, "गोड हाय. आता वाचून दाखवा."

"काय?"

"लेख. तुमीच लिवला ना? पैला परिच्छेद वाचा अन् सांगा आमाले."

गृहस्थ हसले. मॅडम हसल्या नाहीत. मग त्यांनी मोबाइल काढला, पहिल्या ओळीतल्या एका शब्दावर अडकले, दुसऱ्या ओळीत पुन्हा अडकले, आणि तास आहे म्हणून निघून गेले. उरलेले पेढे टेबलावर तसेच. मीही त्या दिवशी मनापासून हसलो. माझ्या फायलीत तेव्हा असेच पैसे भरून छापलेले तीन लेख होते, हे मॅडमना माहीत नव्हतं.

आता सातवं तळं. पूर्णेच्या काठचा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात शेतकरी पावसाचं पाणी धरायला शेततळी खणतात. त्या पाण्यातही जमिनीतलं मीठ उतरतं. अशा पाण्यात बेडकांची पिल्लं जगतात कशी, हा मॅडमचा प्रश्न. दर्यापूरच्या अलीकडच्या एका गावात एसटीच्या थांब्यापासून निघायचं आणि वाटेत लागेल तसं तळ्याला नंबर द्यायचा, अशी त्यांनी अकरा तळी धरली होती. एका ऑगस्टात सातव्या तळ्यातली शेपटीवाली पिल्लं सगळीच्या सगळी मेलेली सापडली. पाणी मोजलं, तर इतर तळ्यांपेक्षा जास्त खारं. पावसानं ताण दिल्यामुळे मालकिणीनं बोअरचं पाणी सोडलं होतं. मॅडमनी लिहून टाकलं, मिठानं मेली. मी वाचून दिलं, गावात आधी वाचून दाखवायचं त्या एकदा राहून गेलं, आणि त्यांनी छापलं.

पुढच्या फेरीला तळ्याची मालकीण शोभाबाई गवई भेटली. मॅडमनी राहिलेली नोंद तिला वाचून दाखवली. शोभाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमी शिकलेल्या हा, पन थे मिठानं नाई मेले. कपाशीवर फवारा मारला तवा पंप म्या त्याच तयात धुतला होता. दुसऱ्या दिशी सारे उलटे. म्या पाह्यलं ना माह्या डोयानं."

मॅडम त्या दिवशी कॉलेजात आल्या त्या रागानं लाल. मला वाटलं, शोभाबाईवर. राग स्वतःवर होता. "सर, त्या तयावर ढोरं पानी पेतात. मी मीठ मीठ करत बसली तं पंपाकडे कोन पाह्यन?" माझ्यासमोर बसून त्यांनी त्या वाक्यावर रेघ मारली. खाली "चुकलं", तारीख, आणि खरं कारण. पाहणारे: शोभा गवई. स्वतःच्या नावावरही रेघ. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. माझ्या हातात चहाचा कप होता, हेसुद्धा मला आठवतं.

दोन वर्षांनी मॅडमची प्राध्यापकपदाची वेळ आली. निवृत्ती जवळ. सगळ्यांनी गळ घातली म्हणून त्यांनी अकरा तळ्यांवर एक नीट लेख लिहिला, पैसे न घेणाऱ्या आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या एका नियतकालिकासाठी. कॉलेजच्या नियमाप्रमाणे तो आधी त्या यंत्रातून काढला, जे उचलेगिरी पकडतं. यंत्रानं सगळा लेख लाल करून दिला. म्हणे हा मजकूर आधीच छापलेला आहे, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका प्राध्यापक महाशयांच्या नावावर, पैसे भरून छापणाऱ्या एका दुकानात. मॅडमनी लेखात ब्लॉगखालचं आपलंच इंग्रजी वापरलं होतं, आणि तेच त्या महाशयांनी आधीच जसंच्या तसं उचललं होतं.

मालक चोर ठरला. आणि चौकशी समिती बसली. प्राचार्य, रसायनशास्त्राचे एक ज्येष्ठ सर आणि भाषेचा जाणकार म्हणून मी.

मॅडम आल्या, बूट दाराशी काढून बसल्या. प्राचार्यांनी लाल झालेले कागद पुढे सरकवले. "मॅडम, टक्केवारी बघा."

"टक्केवारी पाह्यली. त्या मानसाचा लेख कोनी वाचला काय?"

कोणी वाचला नव्हता. ते दुकान छापायलाही पैसे घेई आणि उघडायलाही डॉलर, आणि कॉलेजकडे वर्गणी नव्हती. ज्याची चोरी झाली म्हणून आम्ही बसलो होतो, तो लेख त्या खोलीतल्या एकानंही पाहिला नव्हता. त्याचं तेवढं सारांशाचं पान फुकट दिसे. मॅडमनी ते मोबाइलवर काढलं आणि वाचलं. सातव्या तळ्यातली पिल्लं खारेपणामुळे मेली, असं त्यात होतं.

"सातवं म्हंजे कोन्तं वो सर? कुठून मोजलं यानं? मी एसटीच्या थांब्यापासून मोजलं होतं. आन् हे चूक हाय. माही चूक हाय. म्या केली, म्या कबूल केली, म्या रेघ मारली. यानं रेघ माराच्या आंधी उचलली. खरं चोरलं असतं तं येवढं वाईट नसतं वाटलं मले. आता जगात माही चूक छापून हाय, आन् शोभाबाईचं खरं कुठीच छापून नाई."

प्राचार्य म्हणाले, "ब्लॉग काय, मॅडम, कोणीही मागची तारीख टाकून काहीही बदलू शकतो."

"म्हनूनच मी पुसत नाई." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम साधा झाला. "देशमुख सरायनं दोन्ही नोंदी छापाच्या आंधी वाचल्या होत्या. त्यायले विचारा."

रसायनशास्त्राचे सर माझ्याकडे बघत होते. प्राचार्यांच्या टेबलावर मॅडमच्या फायलीखाली माझी फाइल होती, तिची दोरी मला दिसत होती. त्यातले तीन लेख मला दिसत होते. एका दुकानाविरुद्ध बोललो तर सगळ्याच दुकानांचं शटर उघडून बघतील, हा हिशोब मी किती झटकन केला, याचं मला आजही नवल वाटतं.

मी म्हणालो, "मला नक्की आठवत नाही."

मॅडमनी मान हलवली. रागावल्या नाहीत. इतकी वर्षं ज्या बाईला मी सगळ्यांवर रागावताना पाहिलं, तिनं माझ्यावर राग खर्च केला नाही, हे मला फार लागलं.

प्राचार्यांनी मग समजुतीची भाषा काढली. लेख मागे घ्या, ब्लॉग बंद करा, कॉलेजचं नाव जायला नको, प्रकरण इथेच मिटवू. त्या म्हणाल्या, "लेख ठेवा तुमच्यापाशी. ब्लॉग बंद नाई होनार." बूट घातले आणि गेल्या. त्या गेल्यावर रसायनशास्त्राचे सर म्हणाले, "या लोकांना प्रत्येक गोष्टीत भांडण हवं असतं." कोणत्या लोकांना, हे त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही.

अहवालात वाक्य असं होतं: "ब्लॉग हे मान्यताप्राप्त प्रकाशन नसल्याने त्याआधारे केलेला दावा ग्राह्य धरता येत नाही." म्हणजे जे कुलुपात आहे ते प्रकाशित, आणि जे सगळ्या जगाला उघडं आहे ते अप्रकाशित! आणि अप्रकाशित म्हणून त्याची चोरीही होऊ शकत नाही. या वाक्यातलं शुद्धलेखन मी सुधारलं आणि खाली सही केली. मॅडम होत्या त्याच पदावरून निवृत्त झाल्या. त्या महाशयांना पुढे कुठल्याशा परिषदेत शाल मिळाली. मला प्राध्यापकपद मिळालं.

निवृत्तीनंतरही त्या अकोल्याहून त्या गावाला जातात, हे ब्लॉगवरून कळत होतं. मी वाचत होतो, पण आता छापून झाल्यावर, बाकीच्या लोकांसारखं. गेल्या ऑगस्टात दर्यापूरला परीक्षेच्या कामाला गेलो होतो, परतताना त्या थांब्यावर काय वाटलं कोणास ठाऊक, उतरलो. तळी मोजत चालत गेलो. सातव्या तळ्याच्या बांधावर पत्र्याची पाटी होती, रंगानं हातानं लिहिलेली: "इथं पंप धुऊ नये. ढोरं पानी पेतात." खाली शोभाबाईचं नाव. पंप धुवायला लांब, बांधापलीकडे वेगळा खड्डा खणला होता.

मॅडम बांधावर बसल्या होत्या, समोर शोभाबाई आणि आणखी चार-पाच बाया. मोबाइलवरून नवी नोंद वाचून दाखवणं चाललं होतं. सातव्या तळ्यातून त्या वर्षी पहिल्यांदा पिल्लं पायांवर बाहेर पडली होती, शेपट्या अजून गळायच्या होत्या. शोभाबाई मध्येच म्हणाली, "सकाई नाई वो मॅडम, दुपारी निंगाले." मॅडमनी दुरुस्त केलं. मग मला पाहिलं.

"या सर. बसा. तुमीबी ऐका. कुठी अडलं तं सांगजा."

मी बसलो. सगळं ऐकलं. पायाजवळून नखाएवढी बेडकं उड्या मारत गवतात जात होती. मॅडमनी वाचून संपवलं आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं, थांबल्या. मला बोलायचं होतं. सगळी वाक्यं तयार होती, शुद्ध होती. लांबून एसटीचा हॉर्न आला आणि मी म्हणालो, "छान आहे. गाडी आली, निघतो."

तळी रस्त्याकडेनंच होती, तिथेच हात दाखवून गाडी थांबवली. खिडकीतून दिसलं ते शेवटचं. मॅडम बांध उतरून पाण्याच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या, बरणी उजेडात धरून आत बघत होत्या, आणि शोभाबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बोटानं काहीतरी दाखवत होती.

अमरावती यायच्या आत नोंद निघाली होती. पिल्लं दुपारी निघाली, असं होतं. शेवटी पाहणारे: शोभा गवई, आणि इतर बायांची नावं, आणि मग: "अमरावतीचे देशमुख सर. त्यांनीही पाहिलं. काही बोलले नाहीत."

त्या ओळीवर अजून रेघ पडलेली नाही. पडायचं कारणही नाही, नोंद बरोबर आहे. रेघ मारायची आहे ती समितीच्या कागदावर, पण तो प्राचार्यांच्या कपाटात आहे, कुलुपात. मॅडमच्या ब्लॉगखाली अभिप्रायाची चौकट मात्र कायम उघडी असते. हे सगळं मी तिथेच टाकतो आहे, माझ्या नावानं, त्या तीन लेखांसकट. वर ती ओळ, "मला नक्की आठवत नाही", तिच्यावर रेघ.

चुकलं. मला आठवत होतं.